पायांखालचं आडनाव

"वासंते, पाय दे की गं! नुसती बगळ्यागत काय हुबी ऱ्हायलीस? पाय दिल्याबगर वाकळ सुटती व्हय?"

आईचा आवाज. बोरगावच्या घाटावर, कृष्णेच्या गुडघाभर पाण्यात पसरलेल्या जड वाकळीच्या पलीकडून आलेला. गावातल्या कुणाच्या तरी बाळंतपणातली वाकळ असायची. हातानं बडवून तिचा मळ निघायचा नाही, ती तुडवावीच लागायची. एका टोकाला ओचा खोचलेली आई, दुसऱ्या टोकाला परकर वर धरलेली वासंती. पायांखालून गढूळ पाणी सुटायला लागलं की आई गळा मोकळा करायची. ओवी तिच्याही आईची होती.

कृष्णेच्या घाटावरी धुणं बडवी माझी आई
पाण्याला सांगे सारं, माणसाला सांगत नाही

हा आवाज वासंतीनं किती वर्षं मनात दाबून ठेवला होता. तो वर आला न्यूझीलंडमध्ये. ख्राइस्टचर्चच्या हॉर्नबी उपनगरात, व्याह्यांच्या स्वयंपाकघरात, हातात चहाचा मग असताना. बाहेर नॉरवेस्टर सुटला होता. डोंगरावरून येणारा तो कोरडा, गरम वारा खिडकीच्या काचा हलवत होता आणि टेबलापाशी ग्रॅहम वॉकर आपल्या आडनावाची गोष्ट सांगत होता.

ग्रॅहम म्हणजे सिद्धीचा होणारा सासरा. उंच, लालबुंद चेहऱ्याचा, लग्न परवावर आलं तरी हाफपँट आणि जँडल्सवरच, म्हणजे रबरी चपलांवरच फिरणारा. निवृत्त झाल्यापासून घराण्याचा इतिहास खणणं एवढा एकच नाद त्याला लागला होता. सिद्धी ऑकलंडला आयटी कंपनीत होती. तिथेच तिला ग्रॅहमचा मुलगा कॅलम भेटला. वासंती आणि रावसाहेब लेकीकडे ऑकलंडच्या मनुरेवा भागात येऊन राहिले होते, आणि आता लग्नासाठी सगळे मिळून इथे दक्षिणेत आले होते.

"लोकरीचं कापड मागावरून उतरतं ना," ग्रॅहम म्हणाला, आणि सिद्धी आईच्या कानाशी लागून मराठीत सांगत गेली, "तेव्हा ते जाळीसारखं असतं. बोट आरपार जातं. मग ते भिजवायचं आणि पायांनी तुडवायचं. तासन् तास. धागे एकमेकांना धरतात, कापड दाट होतं, वारा अडवतं. हे काम करणाऱ्याला स्कॉटलंडात आणि इंग्लंडच्या उत्तरेला वॉकर म्हणायचे. दक्षिणेला त्यालाच फुलर. आणखी खाली नैर्ऋत्येला गेलात की टकर. काम एकच, आडनावं तीन."

"इंटरेस्टिंग," रावसाहेब म्हणाले. ते पाटबंधारे खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी चोख. सासरच्या माणसांसमोर लेकीची मान उंच राहावी म्हणून दोन दिवस टाय काढला नव्हता.

"आणि भिजवायचे कशात माहितीय, राव?" ग्रॅहमनं डोळे मिचकावले. "मुतात! जुन्या, कुजलेल्या मुतात. घरोघर फिरून गोळा करायचे. लोकरीचं तेलकटपण त्यानं सुटतं. आमचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांच्या मुतात उभे राहिले म्हणून स्कॉटलंड थंडीनं मेला नाही!"

कॅलम हसला, सिद्धी हसली. रावसाहेबांचा मग ओठांपाशी थांबला.

"पुढे पाणचक्कीचे लाकडी हातोडे आले. पाय रिकामे झाले. नाव तेवढं चिकटून राहिलं. आमच्यातला एक म्हातारा तर हायलँडचा, उत्तरेच्या डोंगराळ मुलखातला होता. त्याचं आडनाव गेलिक भाषेतलं, मला धड म्हणताही येत नाही. अर्थ काय, तर तुडवणाऱ्याचा पोर. तो शहरात आला, तिथे कुणाच्या जिभेवर ते नाव वळेना, म्हणून त्यानं त्याचं सरळ भाषांतर करून टाकलं. वॉकर. नाव टाकलं, पण काम नाही टाकलं, बरं का."

वासंतीनं मग खाली ठेवला. नाव टाकलं, काम नाही टाकलं. सिद्धीनं ते वाक्य सहज मराठीत आणलं होतं, खारी चहात बुडवावी तसं.

मग ग्रॅहमनं घरची रीत सांगितली. वॉकरांकडे लग्नाआधी एक नवी घोंगडी विणून घेतात, आणि दोन्ही घरची माणसं मिळून ती अनवाणी तुडवतात. अंगणात कुंड ठेवतात, घोड्यांना पाणी पाजायचं जुनं, पत्र्याचं. ("साबणाचं पाणी हं, घाबरू नका!") पाय घालण्याआधी दोन्हीकडचा वडीलधारा आपलं नाव कुठून आलं ते सांगतो. आणि तुडवताना नवरा-नवरी आपापल्या आईचं, आजीचं नाव मोठ्यानं घेतात.

"म्हणजे त्या बायकाही घोंगडीत शिरतात," कॅलम म्हणाला.

"कसलं सुंदर आहे ना, आई?" सिद्धीचे डोळे भरून आले होते. "ए, पण थांब. तुझ्या आईचं नाव काय गं? तू लहान असतानाच गेली ना ती... मी कधी विचारलंच नाही. हाऊ ऑफुल इज दॅट."

वासंतीनं तोंड उघडलं.

"सरस्वतीबाई," रावसाहेब म्हणाले. "सरस्वतीबाई इनामदार."

"सरस्वती!" सिद्धी कॅलमकडे वळली. "लाइक द गॉडेस."

*

पाहुण्यांच्या खोलीचं दार वासंतीनं लावलं. हळूच लावलं. राग इतका आला होता की दार आपटण्याइतकीही ताकद त्याला द्यायची नव्हती.

"सरस्वतीबाई कोण?"

"वासंती, आवाज खाली."

"मी ओरडले का? मी विचारते. सरस्वतीबाई कोण? कुठल्या घाटावर असायच्या त्या?"

रावसाहेब आरशासमोर टायची गाठ नीट करत होते. गाठ नीटच होती.

"काहीतरी सांगायला हवं होतं. मुलगी विचारत होती सगळ्यांसमोर."

"तिच्या आजीला नाव आहे."

"तुझी आई तुझ्या लहानपणीच गेली असं तूच सांगितलंस ना सिद्धीला? मी नाही सांगितलं."

"तुम्ही सांगायला लावलंत."

हे खरं होतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं. आरशातले रावसाहेब क्षणभर म्हातारे दिसले.

रावसाहेबांचं मूळ आडनाव परीट. वासंतीचंही माहेर परीटच. एकाच गावाच्या एकाच घाटावरची दोन घरं. तो वसतिगृहात राहून शिकला, इंजिनिअर झाला, नोकरीला लागला, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांनी सरकारी गॅझेटात नाव छापून बोरगावकर झाला. वासंतीला त्याचा राग आला नव्हता. पहिल्या नोकरीत काय व्हायचं ते तो तिला रात्री सांगायचा. हजेरीत 'परीट' म्हटलं की मागून कुणीतरी म्हणे, "उद्या दोन शर्ट कडक हं!" आणि सगळी खोली हसे. एकदा वरिष्ठानं टेबलावर खरंच कपड्यांचं गाठोडं ठेवलं होतं. थट्टेत. तो ते उचलून कोपऱ्यात ठेवून आला होता आणि घरी येऊन जेवला नव्हता. तेव्हा वासंतीच म्हणाली होती, बदलून टाका नाव. काय सोनं लागलंय त्याला?

राग आला तो पुढे. पुण्यात बंगला बांधला, त्याच्या वास्तुशांतीला.

आनंदी, म्हणजे वासंतीची आई, बोरगावहून एसटीनं आली होती. डोक्यावर गाठोडं. त्यात नातीसाठी शिवलेलं परकर-पोलकं, काकवीची बरणी आणि एक पांढरंशुभ्र धुतलेलं धोतर. गावात लग्न असो, मुंज असो, पायघड्या परटानं घालायच्या. तो त्यांचा मान. आनंदीनं जन्मभर दुसऱ्यांच्या लेकीजावयांच्या पायांखाली स्वच्छ कापड अंथरलं होतं. या वेळी घर तिच्या लेकीचं होतं. ती कुणाला न विचारता उंबऱ्यापाशी वाकली आणि धोतर अंथरलं. तोंडानं गुणगुणत होती. तिच्याएवढं सुखी त्या दिवशी त्या घरात कुणी नव्हतं.

तेवढ्यात रावसाहेबांच्या खात्यातले मोठे साहेब आले. त्यांच्या बाईंनी खाली वाकलेल्या त्या बाईकडे पाहिलं. "या कोण?"

आणि रावसाहेब म्हणाले, "आमच्या गावाकडची परटीण. पायघड्यांचा मान असतो ना त्यांचा."

प्रेमानं अंथरलेलं कापड, त्यावरच पाय ठेवून तो हे बोलला.

आनंदीनं मान वर केली नाही. जेवताना साहेबांच्या बाईंच्या पदरावर कढी सांडली, तेव्हा त्याच म्हणाल्या, "अगं, ती परटीण आहे ना अजून?" आनंदी मागच्या अंगणात गेली, पदर धुऊन, पिळून, झटकून आणून दिला. डाग नावालाही राहिला नाही. वासंती स्वयंपाकघराच्या दारात डाव घेऊन उभी होती. संध्याकाळी रावसाहेबांनी सगळ्यांदेखत खण-नारळ दिला. आनंदीनं दोन्ही हातांनी घेतला. म्हणाली, "सुखी ऱ्हावा, सायेब."

जावयाला. सायेब.

पुन्हा ती त्या घरी आली नाही. मेली तेव्हा वासंती गावी गेली, तेही मैत्रिणीच्या गावी जाते असं घरात सांगून. घाटावर बसून ती बायांबरोबर रडली, तेव्हा एक ओवी तिच्या तोंडून आपोआप आली होती.

लोकांच्या लुगड्याचा डाग काढिला हातानं
आपला डाग झाके माय फाटक्या काठानं

"तुम्ही नाव टाकलंत, त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले?" वासंती म्हणाली. "तुमचं नाव होतं, तुम्हाला टोचत होतं. पण माझी आई म्हणजे तुमचं नाव नव्हती."

"पुन्हा तेच."

"पुन्हा? मी कधी काढलं? एकदा तरी काढलं? एक दिवस दाखवा."

रावसाहेब पलंगाच्या कडेवर बसले. बाहेर वाऱ्यानं अंगणातली कपडे वाळत घालायची गोल फिरती दोरी करकरत होती, तिच्यावर वॉकरांचे टॉवेल फडफडत होते.

"तुला काय वाटतं, त्या ग्रॅहमचं कौतुक ऐकून मला काही झालं नाही?" ते म्हणाले. आता त्यांच्याही आवाजात जाळ होता. "तो हसतो! मुताच्या गोष्टी सांगतो, चहाबरोबर! त्याला परवडतं. त्याच्या नावाचा वास केव्हाच उडून गेलाय. वॉकर म्हटल्यावर कुणी त्याच्या अंगावर कपडे फेकले नाहीत. कुणी त्याला मागच्या दाराशी उभं केलं नाही. आपल्या नावाला वास आहे अजून. इथेसुद्धा आहे! ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या गणपतीला पहिला प्रश्न काय असतो? 'बोरगावकर म्हणजे कुठले तुम्ही?' ते 'कुठले' म्हणजे गाव विचारत नाहीत, समजलं? तो शिरीष आलाय ना ऑकलंडहून, उद्या अंगणात उभा असेल. मंडळाचा अध्यक्ष. त्याच्यासमोर सांगू? आम्ही परीट?"

हे खरं होतं. ते खरं होतं म्हणूनच तिचा राग आणखी पेटला. खोटा माणूस खरं बोलतो तेव्हा त्याला मारायला जागाच उरत नाही.

"उद्याचा एक दिवस," रावसाहेब मऊ होत म्हणाले. "पोरीचं लग्न होऊ दे. एका म्हातारीचं नाव इकडचं तिकडं झालं तर काय बिघडणार आहे? तीही नाही आता."

"तुम्ही तिला घोंगडीतसुद्धा शिरू देणार नाही," वासंती म्हणाली, आणि उठून दार उघडून बाहेर गेली.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात गर्दी जमली. वॉकरांचे चुलत, मावस, आते, कोण कोण. कुंपणापलीकडच्या गोदामातून ट्रकांचा आवाज येत होता आणि बार्बेक्यूवर सॉसेजेस चुरचुरत होती. शिरीष आणि त्याची बायको सावलीत उभे होते, हातात फॅन्टा. त्यांच्यासाठी वेगळी पनीरची ताटली ठेवली होती. कॅलमची आजी, जिला सगळे नॅन म्हणत, कुंडाच्या अगदी जवळ खुर्ची टाकून बसली होती. ती तरुणपणी लोकरीच्या गिरणीत होती, आणि आजच्या दिवशी कुठल्याही मुख्यमंत्र्यापेक्षा तिचा तोरा जास्त होता.

आधी ग्रॅहम बोलला. कालचीच गोष्ट, फक्त आणखी रंगवून. मग म्हणाला, "राव, माय फ्रेंड! युअर टर्न."

रावसाहेब पुढे झाले. घसा खाकरला. बोरगावकर घराणं, कृष्णाकाठी, पूर्वजांना पेशव्यांकडून इनाम, गढी, घोडे. तलवार तर आजही जपून ठेवली आहे म्हणाले. त्यांच्या इंग्रजीत ते सगळं इतकं गुळगुळीत बसलं होतं की वाक्याला कुठे जोडही दिसला नाही. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शिरीषनं दोन जास्तच वाजवल्या.

"तलवार?" सिद्धी आईच्या कानात कुजबुजली. "मी तर कधी पाहिली नाही."

"मीही नाही," वासंती म्हणाली.

मग चपला निघाल्या. वासंतीनं साडी वर खोचली. सिद्धी हात द्यायला आली, पण तिची गरज पडली नाही. पाण्यात पाय पडला मात्र, पायाला सगळं आठवलं. टाच आधी, मग चवडा, मग टाचेनंच कापड मागे ओढायचं. ओल्या लोकरीचा वास वर आला, मेंढरासारखा, आणि पायाखाली ती जड, मऊ, जिवंत वस्तू हलली. वॉकर मंडळी कुठलं तरी शब्द नसलेलं गाणं गात होती, हे हो, हे हो. सगळे वेडेवाकडे नाचत होते, घसरत होते, एकमेकांना धरत होते. कॅलम दोनदा पडता पडता वाचला.

"आंटी इज गोइंग फॉर इट!" तो ओरडला. "स्वीट ॲज! एकदम झकास!"

वासंती नाचत नव्हती. ती काम करत होती. पाऊल टाकलं की राग खाली जाई आणि तितकाच पुन्हा वर येई. सरस्वतीबाई, टाच. तलवार, चवडा. इकडचं तिकडं, टाच. पाणी उडून लोकांच्या पोटऱ्यांवर येत होतं.

"नावं!" ग्रॅहम ओरडला.

कॅलमनं आपल्या आईचं नाव घेतलं, मग नॅनचं. लोक ओरडले. सिद्धीनं हात वर केले. "वासंती!" ती ओरडली. "सरस्वती!"

"नाही," वासंती म्हणाली.

पण लोक ओरडत होते. कुणी ऐकलं नाही.

नॅन खुर्चीतून पुढे झुकली होती. ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. काठीचं टोक तिनं वासंतीच्या पायांकडे केलं. "ही बाई या कामात मुरलेली आहे," ती म्हणाली. "बघा, बघा. बाकीचे तुम्ही सगळे बदकं. तिनं हे आधी केलंय."

सिद्धी हसली. "नो नो, नॅन! आईनं? नाही हो. आमच्याकडे त्यासाठी बाई होती." मग तिला काहीतरी आठवलं आणि चेहरा उजळला. "ओह, एक गोष्ट सांगू का? आमची वास्तुशांत होती, हाउसवॉर्मिंग. मी पाच वर्षांची असेन. तेव्हा आमच्या गावाहून एक परटीण आली होती, वॉशरवुमन. तिनं दारात असं पांढरं कापड घातलं, रेड कार्पेट असतं ना, तसं. तुमच्यासारखंच ना, पाय आणि कापड! मग तिनं एका बाईंची साडी पण धुऊन दिली. बाबांनी तिला नारळ दिला, आणि जाताना मला मांडीवर घेऊन ती एवढी रडली, एवढी रडली! नारळ मिळाला म्हणून! सो स्वीट ना? मला अजून आठवतं."

पाहुण्यांनी "ऑ" केलं.

रावसाहेब कुंडाबाहेर उभे होते, टॉवेल हातात. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

वासंतीला इंग्रजी बोलता येत नसलं तरी एवढं कळत होतं. तिचे पाय थांबले. तिच्या बाजूचं पाणी हळूहळू संथ होत गेलं.

"सिद्धी," ती म्हणाली, "इंग्रजीत सांग त्यांना. मी बोलते तसं. एक शब्द इकडे तिकडे करू नकोस."

"आई? काय झालं?"

"वासंती," रावसाहेब म्हणाले. "वासंती, प्लीज."

"तुम्ही गप बसा. तुमचं सांगून झालं, टाळ्या पण मिळाल्या." ती सिद्धीकडे वळली. "सांग. आमचं आडनाव बोरगावकर नव्हतं. परीट होतं. आम्हाला इनाम नव्हतं, गढी नव्हती. तलवार नव्हती. धोपटणं होतं आणि घाट होता. आम्ही गावाचे कपडे धुवायचो."

"आई, व्हॉट आर यू..."

"सांग म्हणते ना!"

सिद्धीनं सांगितलं. अडखळत. शेवटच्या वाक्याला तिचा आवाज बसला. सावलीत शिरीषच्या बायकोनं नवऱ्याचं कोपर धरलं. ग्रॅहमनं मात्र दोन्ही हात आभाळाकडे केले.

"पण हे तर झकास आहे! राव, यू सीक्रेटिव्ह ओल्ड डेव्हिल! आपण चुलतभाऊच की! वॉकर अँड पॅरिट! कापडवाले आपण दोघंही!" तो हसायला लागला आणि त्याचं पाहून बाकीचेही.

"हसू नका म्हणावं त्यांना," वासंती म्हणाली.

सिद्धीनं तेही सांगितलं. ग्रॅहमचं हसू अर्ध्यावर राहिलं.

"तुम्हाला हसता येतं, कारण तुमच्या नावाला कुणी दाराबाहेर उभं केलं नाही. माझ्या नवऱ्याला केलं होतं. हा माणूस हुशार होता, रात्र रात्र जागून शिकला, आणि त्याच्या टेबलावर लोकांनी मळके कपडे टाकले. म्हणून त्यानं नाव बदललं. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. ज्यांनी कपडे टाकले त्यांचं तळपट होवो. हेही सांग, सिद्धी. शिरीषभाऊंना इंग्रजीची गरज नाही, त्यांना कळलंय."

शिरीषनं फॅन्टाच्या कॅनकडे पाहिलं.

रावसाहेबांच्या हातातला टॉवेल खाली पडला होता. तो उचलायला ते वाकले नाहीत. बायकोनं आपली बाजू घेतली की आपल्याला उघडं पाडलं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

सिद्धी कुंडातच उभी होती, गुडघ्यापर्यंत भिजलेली. ती आता इंग्रजीत काहीच सांगत नव्हती. "पण मग," ती मराठीत म्हणाली, लहानपणी बोलायची तशा बारीक आवाजात, "मला का नाही सांगितलंत? आणि सरस्वतीआजी?"

"सरस्वती कुणी नाही. ती काल सकाळी चहाच्या टेबलावर जन्माला आली. ऐक. तुझ्या बाबांनी नाव बदललं ते मी सोसलं. पण ज्या दिवशी त्यांनी आपल्या घरात, आपल्या उंबऱ्यावर, भर माणसांत त्या बाईला परटीण म्हणून दाखवलं, त्या दिवसाचं मी गिळलं. ते मला आजपर्यंत पचलं नाही. मी डाव हातात धरून दारात उभी राहिले आणि गप्प बसले. आता नाही बसायची. तुझ्या लग्नात नाही. ती नारळासाठी रडली नाही, सिद्धी. तिला तुला पुन्हा भेटता येणार नव्हतं, ते तिला कळलं होतं, म्हणून रडली. तिचं नाव आनंदी. आनंदी परीट. ती माझी आई होती."